विडियाची धार

गोवंडीच्या शिवाजीनगरातील सुतारकामाच्या गाळ्यांत 'विडिया' हा शब्द वारंवार कानी पडतो. विडियाचे बिट, विडियाचे पाते. सेमिनरीत शब्दांची मुळे खणण्याची जी खोड आम्हांस लागली, ती अजून सुटलेली नाही. हे मूळ जर्मनीत सापडते. क्रुप कारखान्याने १९२६ साली एका नव्या कठीण धातुमिश्रणास हे नाव दिले. 'हिऱ्यासारखा' या अर्थाच्या दोन जर्मन शब्दांचा तो संक्षेप आहे. टंगस्टन कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण कोबाल्टने सांधले की विडिया तयार होतो.

असा हा हिऱ्याचा जोडीदार पार्टिकल बोर्डापुढे मात्र हार खातो. सागवानाच्या फळीत लाकूडच असते; बोर्डात भुसा, ढलप्या आणि त्यांना बांधणारी राळ. ती राळ वाळल्यावर काचेसारखी कडक होते. त्यात कच्च्या मालाबरोबर आलेली रेती मिसळलेली. आपल्या महाराष्ट्रात उसाच्या चिपाडापासूनही बोर्ड करतात; उसाच्या अंगातच सिलिका असते. ही कणी धारेतील कोबाल्ट खरवडते, आधार गेलेले कार्बाइडचे कण गळतात आणि धार बसते.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण अशाच एका गाळ्यात नगावर काम करतो. बिट बोथटले की त्याची किंमत त्याच्या हिशेबातून वजा होते. ही रीत आम्हांस न्याय्य वाटत नाही आणि तसे आम्ही मालकास सांगितलेही. पण तोवर बिट टिकवणे त्याच्याच हाती होते. बिट जपावे म्हणून तो राउटर अगदी हळू, गोंजारल्यागत फिरवी. शेजारच्या गाळ्यातील वयस्कर उस्तादांनी त्याला हटकले, "बेटा, याने बिट लवकर मरतं. त्याला खायला दे."

वाचकहो, हिशेब सोपा आहे. दोन धारांचे बिट मिनिटाला १८,००० फेरे घेते, म्हणजे ३६,००० वेळा लाकडाला भिडते. मिनिटाला ३.६ मीटर सरकवले तर एका मीटरला १०,००० घाव आणि दर घावाला ०.१ मिलिमीटरची कपची. वेग निम्मा केला की तेवढ्याच मीटरला २०,००० घाव! कपची इतकी पातळ होते की धार कापण्याऐवजी घासू लागते. बोर्ड उष्णता वाहून नेत नाही. ती न्यायची कपचीने. कपचीऐवजी पीठ पडू लागले की ताप बिटातच मुरतो, कड काळी पडते, जळका वास येतो. म्हणून हात स्थिर पण पुढे सरकता हवा. ते जमत नसेल तर फेरे कमी करावेत. आणि भुसा तिथल्या तिथे ओढून घेणारा पंखा हवाच, नाहीतर कापलेलेच पुन्हा कापले जाते.

या पंख्याविषयी थोडे अधिक. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली दिला. बोर्डाच्या राळेतून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडविषयी २००४ साली. तोंडाला बांधलेला गमछा बारीक धुळीस अडवत नाही. देवनारच्या कचराभूमीचा धूर ज्यांच्या वाट्यास आलाच आहे, त्या फुप्फुसांवर हा आणखी भार कशाला? बोथट बिट अधिक बारीक धूळ करते, हे त्या तरुणास पटले तेव्हा धारेची गोष्ट केवळ पैशांची उरली नाही.

उस्तादांनी आणखी काही शिकवले. सनमायका धारेच्या एकाच बिंदूवर घासत राहतो आणि तेथे खाच पडते. म्हणून अधूनमधून बिट दोन-तीन मिलिमीटर वर-खाली करावे, म्हणजे झीज साऱ्या धारेवर वाटली जाते. संध्याकाळी रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने चिकटलेली राळ काढावी. चाकूने खरवडू नये. विडिया कठीण तितकाच ठिसूळ, म्हणून बिटे डब्यात एकमेकांवर आपटू देऊ नयेत. धारेसाठी वेळेवर पाठवले तर बिट पुन्हा कामास येते. फार झिजल्यावर पाठवले तर घासण्याजोगे काही उरत नाही. ती धार लावण्यास चाक मात्र खऱ्या हिऱ्याच्या कणांचे लागते.

आता त्या तरुणाने लाकडाच्या ठोकळ्याला भोके पाडून बिटांसाठी घर केले आहे. एक शटर झाले की बिटाच्या भोकाशी पेन्सिलीची एक रेघ. मागच्या शनिवारी आम्ही डोकावलो तेव्हा पहिल्या भोकाशी एकेचाळीस रेघा होत्या आणि ते बिट अजून राउटरमध्येच होते.