फैनानचा हिरवा दगड

जॉर्डनला जाणारे बहुतेक प्रवासी पेट्रा आणि मृत समुद्र पाहून परततात. आम्ही या दोहोंच्या मधल्या वादी फैनानमध्ये, दाना अभयारण्याच्या पायथ्याशी, दोन दिवस राहिलो.

इथल्या एका उद्ध्वस्त वस्तीचे नाव आहे खिरबत अन-नहास. अरबीत नुहास म्हणजे तांबे. म्हणजे हे तांब्याचे खंडहर. पायाखाली काळी, जड, काचेसारखी खडी पसरली आहे. ती भट्टीतली कीट. फैनान परिसरात अशी कीट दीड ते दोन लाख टन असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे. इ.स.पूर्व दहाव्या शतकात इथे भट्ट्या जोरात होत्या. हजरत सुलैमान (अ.) यांचा काळही तोच मानतात. सूरह सबामध्ये त्यांच्यासाठी वाहवलेल्या वितळत्या तांब्याच्या झऱ्याचा उल्लेख आहे. पण या भट्ट्या त्यांच्याच, असा पुरावा नाही. पुढे रोमन राजवटीने इथल्या खाणींत कैद्यांना राबवले. त्यांत ख्रिस्ती श्रद्धावंतही होते.

उतारावर लाल वालुकाश्म आणि त्याखाली डोलोमाइट व शेलचे थर दिसतात. सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वी ते साचले. तांबे विरघळलेले पाणी अशा थरांतून झिरपते आणि खडकाचे रसायन बदलते तिथे तांबे बसते. म्हणून शोध घेणारे आधी थर ओळखतात. पूर्वजांना हिरवा डाग पुरे होता. आज भोक पाडून नमुने काढतात. अरबा खोऱ्यापलीकडे तिमना इथेही असेच तांबे आहे. ही ठिकाणे एके काळी शेजारी होती. भूकवच सरकल्याने त्यांच्यात सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर पडले.

2021 मध्ये जॉर्डन सरकारने तांब्यासाठी अभयारण्याचा काही भाग वगळण्याचे पाऊल उचलले. अभयारण्य सांभाळणाऱ्या संस्थेने उघड विरोध केला. तरुणांना रोजगार हवा, हे सरकारचे म्हणणे सहज उडवून लावता येत नाही. पण रोमन खाणी बंद होऊन शतके लोटली, तरी इथल्या मातीत, झाडपाल्यात आणि शेळ्यांच्या शरीरात तांबे व शिसे सापडते. त्याच शेळ्यांच्या दुधावर बदू कुटुंबे जगतात.

वाचकहो, आपल्या घरातल्या प्रत्येक वायरीत तांबे आहे. ते नको, असे आपण म्हणू शकत नाही. मात्र नवी खाण उघडण्यापूर्वी जुन्या खाणीचा हिशेब त्या कुटुंबांसमोर मांडला जावा, एवढे तर म्हणू शकतो.