गाजरगवताची साक्ष

साक्षीदार म्हणून झाडे फार चांगली. ती उलटत नाहीत, आजारपणाचा दाखला आणत नाहीत आणि तारखेच्या दिवशी परगावी जात नाहीत. त्यांच्यात उणीव एकच, ती म्हणजे त्यांना बोलता येत नाही. मग त्यांच्या वतीने बोलण्यासाठी माझ्यासारखा वनस्पतिशास्त्राचा निवृत्त मास्तर शोधून काढावा लागतो.

येवल्याची ख्याती पैठणीची. माझ्या वाट्याला मात्र इथले जे वस्त्र आले ते हिरवे, झिरझिरीत आणि अंगाला खाज आणणारे! दावा होता दोन सख्ख्या भावांचा. थोरले कांदा पिकवणारे. धाकटे नोकरीपायी परगावी, त्यामुळे त्यांचा वाटा पडीक. त्या पडीक रानात गाजरगवत कमरेएवढे माजले आणि बांध ओलांडून वाफ्यांत उतरले. थोरल्यांच्या पत्नीने दोन पावसाळे ते उघड्या हातांनी उपटले. हातांवर, मानेवर पुरळ उठले, कातडी चिरली आणि डॉक्टरांनी तिला शेतात पाऊल टाकायची बंदी केली. जन्मभर ज्या रानात राबली, त्याच्याकडे ती आता घराच्या ओट्यावरून पाहत बसे. खरे दुखणे हे होते. दाव्याच्या कागदात त्याला एक ओळ मिळाली होती. बाकी सारी पाने हद्दीने आणि नुकसानीच्या आकड्यांनी भरली होती.

दिवाणी प्रक्रिया संहिता आहे 1908 ची. शास्त्रीय तपासणीचे काम तज्ज्ञाकडे सोपवण्याची सोय तिच्यात 1976 च्या दुरुस्तीने आली. त्या सोयीच्या आधारे एके सकाळी मी वही, फूटपट्टी आणि भिंग घेऊन बांधावर उभा राहिलो.

गाजरगवत हे गाजर नव्हे आणि गवतही नव्हे. ते सूर्यफुलाच्या कुळातले, मूळचे अमेरिका खंडातले. पुण्याला 1955 च्या सुमारास त्याची नोंद झाली. परदेशी गव्हाच्या पोत्यांतून ते पसरले असे सर्वसाधारणपणे मानतात. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलते आणि एकेक झाड हजारो बिया टाकते. वारा, पाटाचे पाणी, शेणखत, ट्रॅक्टरच्या चाकाचा चिखल, जे वाहन मिळेल त्यात त्या बसतात. जमिनीत पडल्या की कित्येक वर्षे उगवायच्या थांबूनही राहतात.

विलायतेत असल्या अहवालांचा मोठा व्यवसाय झाला आहे. जपानी नॉटवीड नावाची वनस्पती 1850 मध्ये लंडनच्या क्यू बागेत शोभेसाठी म्हणून आली. आज तिकडे घर विकताना ती आवारात आहे की काय हे लिहून द्यावे लागते, आणि तज्ज्ञाचा कागद पाहिल्यावाचून बँक अनेकदा कर्ज देत नाही. शेजाऱ्याच्या जमिनीत तिची मुळे शिरली, तर भिंत पडण्याची वाट न पाहताही दाद मागता येते, असे 2018 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ठरवले. पण नॉटवीड तिथे पसरते ती जमिनीखालच्या खोडांनी. खणत गेले की माग लागतो. उडालेल्या बीचा माग कसा काढायचा?

मी पाहणी केली. गवत धाकट्यांच्या रानात दाट होते हे खरे. ते रस्त्याच्या कडेला होते, पाटाच्या दोन्ही काठांवर होते, आणि थोरल्यांच्या खताच्या उकिरड्याशीही होते. दुपारी थोरल्यांनी चहा दिला आणि हळूच म्हणाले, “सर, तेवढे एक वाक्य लिहा. सगळे तिकडूनच आले म्हणून.”

ओट्यावर ती बाई बसली होती. तिच्या हातांकडे पाहिल्यावर ते वाक्य लिहावेसे वाटत होते, हे मी नाकारत नाही. पण तज्ज्ञाला आपल्या डोळ्यांना दिसले तेवढेच लिहिता येते. दया आली म्हणून बी कुठून आले ते बदलत नाही. मी लिहिले: पडीक रान हा बियांचा मोठा साठा आहे, तो एकमेव नाही, कोणते रोप कोणत्या बीचे, हे सांगता येणार नाही, फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी उपटल्याखेरीज उपाय नाही. अहवालाने दोन्ही पक्ष सारखेच नाराज झाले.

त्यानंतर तारखांना तारखा लागल्या. दोन तारखांच्या मधल्या काळात गवताची एक पिढी फुलून, बी टाकून मोकळी होई. कोर्टाचे पंचांग निराळे आणि गवताचे निराळे.

भाऊबीजेला बहीण आली. सकाळी एका घरी ओवाळले, संध्याकाळी दुसऱ्या घरी. दोन्ही तबकांतली ओवाळणी तिने परत केली आणि दोघांनाही एकच मागणे घातले: पहिल्या पावसानंतर माझ्या वहिनीसाठी एक दिवस रानात या.

जूनमध्ये मी त्या वाटेने जात होतो. बांधाच्या अलीकडे थोरले, पलीकडे धाकटे. दोघांच्या हातांत मोजे, दोघेही वाकलेले, एकमेकांकडे पाठ केलेली. बोलणे नव्हतेच. दावा अजून चालूच होता. पण गवताला अजून फुले आली नव्हती, आणि बांधावर उपटलेल्या रोपांचा ढीग मात्र एकच होता.