उन्हासाठी रंगवलेली नाव

पैनगंगेच्या उत्तर तीरावर, उमरखेड तालुक्यात, आमच्या घराण्याची जी थोडीबहुत काळीची जमीन आहे तिचा एक तुकडा पूर्वापार नदीपलीकडे पडलेला असल्यामुळे, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या या यवतमाळ जिल्ह्यात, जेथे खात्यापित्या शेतकऱ्याच्या जिंदगीतही बैलगाडी हेच श्रेष्ठ वाहन गणले जाई, तेथे आमच्याकडे मात्र एक सागवानी नाव पिढीजात चालत आली. आजोबांच्या उमेदीच्या काळात ही नदी दोन अमलांची सरहद्द होती. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले, 1902 मध्ये ते कायमच्या पट्ट्याने दिले गेले आणि पुढल्याच वर्षी मध्यप्रांताला जोडले गेले. परंतु पैनगंगेचा दक्षिण तीर 1948 पर्यंत मोगलाईतच राहिला, आणि त्यामुळे अलीकडे कलदार रुपया व पलीकडे हाली सिक्का, अलीकडे इंग्रजांची कचेरी व पलीकडे निजामाची, असा सारा कारभार नावेच्या एका फेरीत पालटत असे. नदीच्या लांबीने प्रवास करण्याचे भाग्य मात्र या नावेला कधीच लाभले नाही, कारण खाली सहस्रकुंडाला पैनगंगा काळ्या कातळावरून जी कोसळते ती कोणत्याही नावाड्याची हौस फेडण्यास पुरेशी आहे. पुढे पूल झाले, 1982 मध्ये वरच्या बाजूस ईसापूरचे धरण पुरे झाले, पलीकडची जमीन बटाईने दिली गेली, आणि नाव गोठ्यामागे पालथी पडली ती पडलीच.

शिक्षकीतून सेवानिवृत्त होऊन गावी परतल्यावर मी पलीकडच्या शेताची वहिवाट पुन्हा स्वतःकडे घेतली आणि पुलाच्या लांबलचक वळशाला कंटाळून नाव दुरुस्त करण्याचे मनावर घेतले. सुतारकामाचे वर्णन मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यात नवल असे काही नव्हते: तळाच्या दोन फळ्या कुजल्या होत्या, त्या बदलल्या, लोखंडी खिळे मात्र बहुतेक शाबूत निघाले, कारण सागाच्या अंगच्या तेलाने लोखंडाला गंज सहसा चढत नाही. खरा वाद सुरू झाला तो नावेला रंग कोणता द्यावा यावर, आणि त्यात घरातल्या प्रत्येकाला, शेजाऱ्यांना, पुसदच्या दुकानदाराला आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांनाही निश्चित मत होते.

पुतण्याचा आग्रह व्हार्निशचा होता. तासलेल्या सागवानावर पाण्याचा हात फिरवताच मधासारख्या ज्या रेषा उमटतात त्या कायम दिसत राहाव्यात, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती इच्छा अरसिक म्हणता येणार नाही. दुकानदाराने निळा चकचकीत ऑइल पेंट पुढे केला व त्यावर एपॉक्सी आणि पॉलियुरेथेन असे दोन महागडे पर्याय सुचवले, ज्यांचे डबे त्याच्या फळीवर धूळ खात होते. मी स्वतः पुस्तकी माणूस. मी कोकणातल्या आणि मुंबईच्या गोद्यांतल्या नौकांविषयी वाचू लागलो. 1817 मध्ये मुंबईत वाडियांच्या गोदीत मलबारी सागापासून बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे, हे वाचून मला आमच्या सागवानी नावेचाही काहीसा अभिमान वाटला. परंतु जसजसा खोलात गेलो तसतसे ध्यानात आले की समुद्रावरचे सारे रंगशास्त्र खाऱ्या पाण्यातल्या शत्रूंभोवती फिरते. लाकूड पोखरणारा किडा, तळाला चिकटणारे कालव आणि शिंपले यांच्यापासून बचाव व्हावा म्हणून तांब्याचे पत्रे, तांब्याचे विषारी रंग, चुना आणि तेलाचे लेप तिकडे योजले गेले. पैनगंगेच्या गोड्या पाण्यात यांपैकी एकही शत्रू नाही.

मग आमच्या नावेचा शत्रू कोण, हे मला काठावरच्या एका वृद्ध भोयाने सांगितले. ज्याच्या वडिलांनी आजोबांची नाव वल्हवली होती असा हा गृहस्थ पालथ्या नावेवर बोटांनी ठोकत चहूबाजूंनी फिरला आणि म्हणाला, ‘‘काहून जी गुरुजी, नाव का पान्यानं मरते? ते तं उनानं मरते!’’

या एका वाक्याने माझ्या वाचनाची दिशाच बदलली. आमची नाव आषाढापासून फार तर माघापर्यंत पाण्यात असते. त्यानंतर नदीचे डोह आटतात आणि ती काठावर पालथी पडते, आणि मग वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर चढला म्हणजे तिच्या फळ्या आकसतात, सांधे उघडतात, टोकांना चिरा पडतात. पाण्यात राहणाऱ्या नावेचा तळ सावलीत असतो, आमच्या नावेचा तळ सबंध उन्हाळा सूर्याला सन्मुख असतो. म्हणजे रंग निवडायचा तो तरणाऱ्या वस्तूसाठी नसून आकसणाऱ्या, फुगणाऱ्या आणि भाजणाऱ्या वस्तूसाठी निवडायचा होता. आणि ही कसोटी लावताच एकेक उमेदवार आपोआप बाद होऊ लागला.

व्हार्निश पारदर्शक असते, हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा घात. लाकडाचे तंतू ज्या लिग्निन नामक द्रव्याने परस्परांशी बांधलेले असतात ते सूर्याच्या अतिनील किरणांनी विघटित होते. किरण व्हार्निशच्या पापुद्र्यातून आरपार जातात, खालच्या लाकडाचा पृष्ठभागच मोकळा होतो, आणि मग वरचा पापुद्रा कितीही उत्तम असला तरी धरून राहण्यासाठी त्याला आधारच उरत नाही. एपॉक्सी व पॉलियुरेथेन यांचा दोष निराळा. ती अतिशय कठीण; एकसंध, न हलणाऱ्या अंगावर ती शोभतात, पण सुट्या फळ्यांच्या नावेत प्रत्येक फळी ऋतुमानाप्रमाणे स्वतंत्रपणे हालत असताना तो कडक थर सांध्यासांध्यावर तडकणार, आणि तडकलेल्या फटीतून शिरलेले पाणी आत कोंडून लाकूड कुजवणार, हे उघड होते. शिवाय साग तेलकट. त्यावर असले थर मुळातच नाखुशीने बसतात. दुकानातला ऑइल पेंट मधल्या प्रतीचा होता, परंतु त्याचाही निळा पोपडा उन्हात उडालेला मी बसस्थानकाच्या बाकांवर पुष्कळ पाहिला आहे.

उरले ते वऱ्हाडातल्या प्रत्येक जुन्या घराला ठाऊक असलेले दोन पदार्थ, जवसाचे तेल आणि गेरू. जवसाचे तेल वाळते ते उडून जाऊन नव्हे. हवेतला प्राणवायू शोषून ते घट्ट होते आणि तरीही लवचीक राहते, म्हणून फळी हलली की तेही थोडे हलते. गेरू म्हणजे लोहाची माती. ती किरणांना लाकडापर्यंत पोहोचू देत नाही आणि स्वतः उन्हाने विटत नाही. स्वीडनमधल्या खेड्यांत लाकडी घरांना जो प्रसिद्ध तांबडा रंग शतकानुशतके दिला जातो, तोही लोहयुक्त मातीचाच आहे. पुतण्याला हे सांगितल्यावर स्वीडनच्या नावाने त्याचा विरोध बराच सौम्य झाला. आपल्याकडच्या गेरूला परदेशाची शिफारस लागावी याचे मला थोडे वाईट वाटले, परंतु वादात मिळालेला साक्षीदार परत पाठवू नये.

उमरखेडहून एक जुने रंगारी आले. जुना थर काढताना त्यांनी दाखवलेली युक्ती माझ्या स्मरणात पक्की बसली आहे: तळाचे डांबर दुपारी चिकट होऊन पटाशीला लोंबते, पण पौषातल्या पहाटे तेच काचेसारखे ठिसूळ असते आणि हलक्या ठोक्याने खपल्याखपल्यांनी निघते. डांबराखाली निळा थर निघाला, त्याखाली करडा, आणि सर्वांत खाली केशरी शेंदूर. हा शेंदूर देवळातला असो की लोहाराचा, त्यात शिसे. जवसाच्या तेलात घोटलेला शेंदूर ही एके काळी सर्व जगाची अस्तराची रीत होती, आणि ते तेल मुर्दाडशिंग घालून कढवले की लवकर वाळे. रंगारीचाचांची इच्छा पहिला हात शेंदराचाच देण्याची होती. मी ठाम नकार दिला. शिशाचे विष लहान मुलांच्या बुद्धीवर परिणाम करते, आणि घरगुती रंगांत दशलक्षात 90 भागांहून अधिक शिसे असू नये असा 2016 चा केंद्र सरकारचा नियम आहे. ज्या नावेत नातवंडे बसणार तिच्यात मी ते जाणूनबुजून घालणे शक्य नव्हते. जुना शेंदरी थर आम्ही कोरडा न घासता पाणी मारून, तोंडाला फडके बांधून खरवडला आणि त्याची रबडी डब्यात बंद केली.

सांधे भरायला कापूस आमच्याच शेतातला. पेळू सैल वळून, जवसाच्या तेलात भिजवून, बोथट पाचरीने फटीत बसवायचे आणि वरून खडूची पूड व तेल यांचे लुकण दाबायचे. येथे भोईआजोबांनी मला दोनदा थांबवले. चाचा जोर लावून कापूस ठोकू लागले की ते म्हणत, ‘‘सैल ऱ्हाऊ द्या, सैल.’’ कारण उघड आहे: कोरड्या फळ्यांच्या फटीत कापूस घट्ट ठोकला तर पाण्यात फुगलेल्या फळीला जागा उरत नाही आणि ती खिळ्यांवरून उचलली जाते. याच कारणासाठी हे काम त्यांनी वैशाखात न करता माघातच करायला लावले. तेव्हा लाकूड फार ओलेही नसते आणि पुरते सुकलेलेही नसते.

रंगाच्या कामात दिवसाची वेळ सांभाळावी लागे. सकाळी दव, म्हणून ते उडेपर्यंत कुंचल्याला हात लावायचा नाही. दुपारी ऊन, म्हणून नाव लिंबाच्या सावलीत सरकवायची, कारण तापलेल्या फळीवर रंगाची साय चटकन धरते, आत तेल कच्चे राहते आणि पुढे फोड येतात. आधी सारे लाकूड टर्पेंटाईनच्या फडक्याने पुसून वरचे तेल काढले. डांबराचे जे डाग लाकडात मुरले होते त्यांच्यावर, ते तांबूस रंगातून पाझरू नयेत म्हणून, स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेचा एक हात दिला. मग गेरू कापडातून गाळून फरशीवर तेलात घोटला. पहिल्या हाताला टर्पेंटाईन अधिक व तेल कमी, शेवटच्या हाताला तेल अधिक. हा क्रम उलटला तर खालचा थर नंतर आकसतो आणि वरच्याला भेगा पडतात. प्रत्येक हातानंतर नखाची खूण उमटेनाशी होईपर्यंत थांबायचे, मग बारीक काचकागद फिरवायचा. आतल्या बाजूला गेरू दिलाच नाही, नुसते तेल पाजले, म्हणजे लाकडातल्या ओलाव्याला एक दार उघडे राहिले. तेलाच्या चिंध्यांबाबत चाचा कमालीचे कडक होते: बोळा करून टाकलेली चिंधी तेल वाळताना स्वतःच तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून संध्याकाळी प्रत्येक चिंधी पाण्यात भिजवून दगडावर एकेरी पसरवल्याशिवाय ते चहाला बसत नसत.

तळाचा प्रश्न मात्र अखेरपर्यंत कठीण राहिला. रेतीवर ओढली जाणारी, खडकाला घासणारी बाजू नुसत्या गेरूवर टिकणार नाही, तिथे डांबरच हवे, यावर चाचा आणि भोईआजोबा या दोघांचे एकमत होते. आणि काळे डांबर उन्हाळ्यात सगळी उष्णता शोषून फळ्या भाजते, हा मुख्य रोगच तेथे बसलेला. मी गोठ्यामागे पऱ्हाट्यांचा मांडव सुचवला. तो चैत्रातल्या पहिल्या वावटळीत उडेल, असा दोघांनीही निकाल दिला. तोड निघाली ती अशी की डांबर गरम असतानाच त्यावर बारीक रेती शिंपडायची, म्हणजे पृष्ठभाग खरखरीत होऊन चुना धरतो, आणि दर फाल्गुनात नाव पालथी घातली की त्यावर विरी गेलेल्या कळीच्या चुन्याचा दाट हात द्यायचा. पांढरा चुना ऊन परतवतो, पहिल्या दोन-तीन पावसांत धुऊन जातो, तोवर नाव सुलटी करण्याची वेळ झालेली असते. सागवानाच्या रेषा, गेरूचा तांबडा गाभा, काळे डांबर आणि वर्षातून काही महिने चुन्याची सफेदी असे हे रूप पाहून पुतण्याने फोटो काढण्याचा बेत रहित केला. रसिकतेच्या दृष्टीने त्याचा पक्ष बळकट होता, हे मला मान्य आहे.

आषाढात नाव पाण्यात घातली आणि प्रथेप्रमाणे दगड भरून काठालगत बुडवून ठेवली. इतक्या मेहनतीने रंगवलेली वस्तू मुद्दाम बुडवताना घरच्या मंडळींचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. पण फळ्या फुगून सांधे आपोआप मिटले आणि उपसल्यावर आत जेमतेम ओल राहिली. पुढे पलीकडच्या काठावरचा एक शेतकरी गेरू-तेलाचे प्रमाण विचारायला आला. भोईआजोबांनी त्याला आमच्यापेक्षा कितीतरी अधिक तेल सांगितले आणि अस्तराचा एक हातही वाढवून दिला. तो गेल्यावर मी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘त्याची नाव आंब्याची हाय जी. आंबा लय पेते.’’