लोखंडाचा विटाळ

किर्लोस्करवाडी स्टेशन आले, की मला माझा एक विद्यार्थी आठवतो आणि मान खाली जाते.

इथल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना मांडला. त्यांच्या लोखंडी नांगराला आधी गिऱ्हाईकच मिळेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत! ही हकीकत सांगून मी वर्गाला हसवीत असे.

त्याच वर्गात एका लोहाराचा मुलगा होता. शाळेचे बंद पडलेले घड्याळ त्याने चालू केले होते. दहावीनंतर आय. टी. आय.ला जाऊन टर्नर व्हायचे म्हणाला. मी बापाला बोलावून घेतले. म्हटले, "पोरगं हुशार आहे. त्याचे हात कशाला काळे करता? कॉलेजात घाला." गुरुजींचा शब्द! बापाने म्हैस विकली.

देश कारखानदारीत मागे का, असे विचारले की आपण भांडवल, वीज, यंत्रे यांची नावे घेतो. शेतकऱ्यांचा गैरसमज नांगर शेतात चालल्यावर फिटला. आम्हा शिकलेल्यांच्या मनातला लोखंडाचा विटाळ अजून फिटलेला नाही.

परवा तो भेटला. पदवीधर आहे, नोकरभरतीचे अर्ज भरतो. वाकून नमस्कार केला त्याने. हात अगदी स्वच्छ होते.