काल्पीची वाट

सत्तावनच्या स्वातंत्र्यसमराचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे ठरावीक चित्रे उभी राहतात. झाशीचा बुरूज, पाठीशी मूल बांधून घोड्यावर स्वार झालेली राणी, रानोमाळ भटकणारा तात्या टोपे. या चित्रांच्या मागे, धुळीत कुठे तरी, शिपायांची एक पुसट रांग असते. त्यांना नावे नसतात. या रांगेची वाट आपण स्वतः एकदा तुडवून पाहावी, असे फार दिवस माझ्या मनात होते. मास्तरकीच्या धंद्यात मोकळा वेळ मे महिन्यातच मिळतो, आणि या शिपायांच्या लढाया पेटल्या त्याही एप्रिल ते जून याच महिन्यांत. मी बेत सांगितला तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, या दिवसांत माणसे महाबळेश्वरला जातात. तुम्ही बुंदेलखंडात निघालात!"

रांगेची थोडी ओळख करून देतो. १८४३ च्या डिसेंबरात महाराजपूर आणि पनियार येथे शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला. त्यानंतरच्या तहाने इंग्रजांनी 'ग्वाल्हेर कंटिन्जंट' नावाची फौज उभारली. पगार शिंद्यांच्या खजिन्यातून, हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा, असा तो चमत्कारिक संसार होता. शिपाई बहुतेक अवधचे. १४ जून १८५७ रोजी मोरारच्या छावणीत ही फौज उठली. त्या रात्री काही इंग्रज अधिकारी मारले गेले. पुढे कित्येक महिने जयाजीराव शिंदे आणि दिवाण दिनकरराव राजवाडे यांनी तिला गोड बोलून ग्वाल्हेरातच थोपवून धरले. अखेर तात्या टोपे आले आणि तिला काल्पीवरून कानपूरला घेऊन गेले. तिथे नोव्हेंबरच्या अखेरीस तिने जनरल विंडहॅमला शहरात मागे रेटले. पण ६ डिसेंबरला कॉलिन कॅम्बेलने तिचा मोड केला. तिथून सुरू झाली ती पराभवांची वाट.

झाशीच्या किल्ल्यावर मी सकाळीच चढलो. शाळेच्या सहलीतली पोरे तोफेभोवती किलबिलत होती. मी मात्र पूर्वेला बेतवेच्या दिशेला पाहत उभा होतो. ३१ मार्च १८५८ च्या संध्याकाळी तिकडे मोठा जाळ दिसला आणि वेढ्यात अडकलेल्या झाशीला कळले की, तात्या आले. त्यांच्याजवळ वीस हजारांवर माणसे आणि अठ्ठावीस तोफा होत्या. सर ह्यू रोझने वेढा न उठवता जेमतेम पंधराशे माणसे घेऊन दुसऱ्या दिवशी त्यांना गाठले. संध्याकाळपर्यंत तोफाही गेल्या आणि झाशीची आशाही. माघार घेताना शिपायांनी मागचे रान पेटवून दिले. त्या धुराच्या आडोशाने जे निसटले, ते काल्पीकडे वळले. चार दिवसांनी राणीही त्याच वाटेला लागली.

वेढ्याच्या त्या दिवसांत एक मराठी माणूस झाशीतच होता. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि या वणव्यात सापडले. त्यांनी १८८३ साली लिहून काढलेला 'माझा प्रवास' १९०७ साली छापून निघाला. तो वर्गात शिकवताना मला नेहमी वाटते की, त्या काळाकडे पाहणारा असा साधा माणूस मराठीला लाभला हे आपले भाग्य. शिपायांच्या रांगेला मात्र कोणी भटजी लाभला नाही. त्यांची हकीकत आपल्याला कळते ती बहुतेक शत्रूच्या कागदांवरून.

झाशीहून मी कोंचला गेलो. मोटारीतून उतरलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि लू अशी वाहत होती की, तोंडावरचा पंचा काढवेना. वेशीबाहेरची शेते उघडी पडली होती. ७ मे १८५८ ची दुपारही अशीच होती. रोझ स्वतः उन्हाच्या झटक्याने पुनःपुन्हा कोसळला, त्याच्या सैन्यातले कित्येक गोरे शिपाई गोळीवाचूनच गेले. कोंच पडले. पण त्यानंतर जे घडले त्याची वाखाणणी इंग्रजांनीच करून ठेवली आहे. हरलेले शिपाई पळाले नाहीत. सुमारे दोन मैल लांबीची विरळ रांग धरून ते मागे हटत गेले. थोडे मागे यायचे, वळायचे, बार काढायचे, पुन्हा मागे यायचे. कंपनीने शिकवलेली कवाईत ते कंपनीलाच दाखवीत होते. समोर मुंबई इलाख्याची २५ वी पलटणही होती. त्या इलाख्याच्या फौजेत कोकणातले आणि देशावरचे लोक भरती होत असत. इकडे पुढारी मराठी, शिपाई अवधचे. तिकडे सेनापती इंग्रज, आणि शिपायांत आपलेही लोक! इतिहास आपल्याला सोयीची वाटणी करून देत नाही.

ओरईमार्गे काल्पीला पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. यमुनेच्या उंच कड्यावर जुन्या किल्ल्याची एकच इमारत शिल्लक आहे. मराठी अमलात तिथे खजिना असे. भिंती हातभर नव्हे, चांगल्या पुरुषभर जाड. खाली वाळवंटात टरबुजांचे वाफे, पलीकडे घळींचा प्रदेश.

कोंचनंतर या काल्पीत भांडणे लागली. पायदळ म्हणे, घोडेस्वारांनी दगा दिला. तात्या तर आईवडिलांना भेटायला जालौनजवळ निघून गेले. मॅलेसन हा इंग्रज इतिहासकार लिहितो की, एक वेळ अशी आली, गावात आणि किल्ल्यात मिळून अवघे अकरा शिपाई उरले होते. अकरा! पुढे बांद्याचे नबाब दोन हजार स्वार घेऊन आले, राणीने धीर दिला, आणि पांगलेले शिपाई परत आले. यमुनेचे पाणी हाती घेऊन त्यांनी मारू किंवा मरू अशी शपथ घेतली. २२ मे रोजी गोलौलीपाशी ते इतक्या त्वेषाने चालून गेले की, इंग्रजांच्या तोफा हातच्या जायची वेळ आली. उंटांवरची पलटण ऐन क्षणी धावून आली म्हणून त्या वाचल्या. दुसऱ्या दिवशी काल्पी पडली.

घाटावर एक वृद्ध नावाडी दोर वळीत बसला होता. त्याला मी ही शपथेची गोष्ट सांगितली. तो आपल्या बोलीत म्हणाला, "बाबूजी, जमनाजींचं पाणी हातात घेतल्यावर माणूस मग फार बोलत नाही." आणि पुन्हा दोर वळू लागला.

हे शिपाई का परतले? परतायला घर नव्हते, असे म्हणता येईल. लखनौ मार्चमध्येच पडले होते. सापडला तर फास ठरलेला. हे सारे खरे. पण भीती माणसाला पांगवते. ती त्याला पुन्हा रांगेत आणून उभी करीत नाही. घळींत लपून जीव वाचवणे सोपे होते. ज्यांनी ते केले त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण कानपूर, बेतवा, कोंच असे हरत आलेला माणूस चौथ्यांदा आपणहून उभा राहतो, तेव्हा त्याला नुसत्या भीतीने किंवा पगाराने तोलता येत नाही. विजयाची आशा सुटल्यावरही शेजारच्या गड्याची साथ सोडायची नाही, एवढीच साधी गोष्ट कदाचित त्यांच्यापाशी उरली असेल. आणि ती थोडी नव्हे.

शेवटचा मुक्काम ग्वाल्हेर. १ जून १८५८ रोजी शिंद्यांची फौज रावसाहेब पेशव्यांना मिळाली आणि थोडे दिवस वैभवाचे गेले. १७ जूनला कोटा-की-सरायजवळ राणी पडली. फूलबागेत तिची समाधी आहे. तिथे फुले वाहून मी मोरारला गेलो. आज तो ग्वाल्हेर शहराचाच एक भाग आहे. भाजीवाले, सायकली, शाळा सुटलेली पोरे. १६ जूनला रोझने ही छावणी जिंकली. ज्या छावणीतून ती रांग निघाली, तिथेच ती वाट येऊन पोहोचली होती. मधे गेले होते एक वर्ष आणि दोन दिवस.