पिवळीचे नाक

“आपल्या घराला दाराच्या आधी वास लागतो,” असे माझी आजी म्हणते. “आंधळं माणूस बी वासावर घरला यील.” तिचे म्हणणे खोटे नाही. सकाळी सारवणाचा व चुलीच्या धुराचा, संध्याकाळी देवापुढच्या कापराचा, लुगड्यांच्या पेटीतून डांबरगोळ्यांचा आणि आजीच्या अंथरुणापाशी निलगिरीच्या तेलाचा, असे आमच्या दोन खणांच्या घरात वासांचे वाटे पडलेले आहेत. माघ-फाल्गुनात मात्र हे सारे वास एका वासापुढे हात टेकतात. तो म्हणजे शिजणाऱ्या हळदीचा.

आखाडा बाळापूरच्या वाचकांना हळद समजावून सांगावयास नको. आपला हिंगोली जिल्हा हळदीचा. शेजारच्या वसमतच्या हळदीला तर २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आमची स्वतःची हळद नाही. माय आणि बाबा दुसऱ्याच्या रानात रोजाने हळद काढावयास जातात. कुकरच्या ढोलातून ओले हळकुंड वाफाळत बाहेर पडते, ताडपत्रीवर पसरले जाते, आणि त्या वाफेचा मातकट-कडवट वास मायच्या लुगड्यात, बाबांच्या मुंडाशात व तेथून आमच्या वाकळांत शिरतो. धुतला तरी तो जात नाही.

अशाच एका फाल्गुनात, वाळत घातलेल्या हळदीत लोळलेले मांजराचे एक पिलू बाबांच्या मागोमाग घरी आले. ते अंगभर पिवळे होते, म्हणून आजीने त्याचे नाव ‘पिवळी’ ठेवले. पुढे मृगाच्या पावसात ते भिजले आणि पाहतो तो काय, मांजर पांढरेशुभ्र! पण नाव एकदा पडले ते पडले. पांढऱ्या मांजराला ‘पिवळी’ म्हणणारे घर गावात आमचे एकच असावे.

या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा सहीपुरते लिहितात, माय अंगठा उठवते. प्रथम वर्षाला असताना बाकावर शेजारी बसलेल्या मुलीने मला सहज विचारले, “तुमच्याकडे लग्नकार्य आहे का गं? हळदीचा वास येतोय.” तिने चेष्टा केली नव्हती. परंतु मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या आठवड्याच्या बाजारात मी वीस रुपयांची अत्तराची कुपी घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून मनगटांना, ओढणीला व वेणीला चोळून तासांना बसू लागले.

वर्गात कोणाच्या लक्षातही आले नाही. लक्षात आले ते पिवळीच्या. रोज संध्याकाळी मी उंबऱ्याशी बसले की ती मांडीत येऊन बसे. त्या दिवशी ती आली, माझ्या मनगटाजवळ नाक नेले, ओठ किंचित वर करून तोंड अर्धवट उघडे ठेवले, आणि मागे सरून चुलीपाशी जाऊन बसली. असे चार-पाच दिवस चालले. मला तिचा रागच आला. आजी मात्र खाटेवरून म्हणाली, “तिला तू वळखू यीनास गेलीस, बाई.”

मी हसले. मांजर ते मांजर, त्याला कसली आली ओळखपाळख! वास्तविक हसण्याजोगे त्यात काही नव्हते, हे मला पुढे कळले. मांजराच्या टाळूत, वरच्या पुढच्या दातांच्या मागे, दोन बारीक छिद्रे असतात. ती ‘जेकबसनचे इंद्रिय’ नावाच्या वास घेण्याच्या दुसऱ्याच एका अवयवाकडे जातात. तोंड वेंगाडल्यासारखे करून मांजर त्या वाटेने वास आत ओढते. शिवाय ते दाराच्या चौकटीला, खाटेच्या पायाला, आपल्या पोटरीला गाल घासते, ते केवळ लाडाने नव्हे; गालातल्या ग्रंथींचा वास लावून ते ‘हे माझे’ अशी खूण करून ठेवते. आपण भिंतीवर नाव लिहितो, तसेच हे. माझ्यावर लिहिलेले आपले नाव मी वीस रुपयांच्या अत्तराने पुसून टाकले होते, आणि पिवळी ते शोधत होती.

येथवर ही गोष्ट गमतीची आहे. पुढची नाही.

गेल्या श्रावणात पिवळीला तीन पिले झाली. ओलीचे दिवस, पिसवांनी तिला हैराण केले. मागच्या पायाने खाजवून खाजवून मानेवरचे केस गेले. मी मोबाईलवर वाचले की, निलगिरीच्या तेलाने पिसवा पळतात. औषध नैसर्गिक आहे व अपाय काही नाही, असेही तेथे ठासून लिहिले होते. आजीच्या गुडघ्यांसाठी आणलेली बाटली घरात होतीच. खोबरेलात मी निलगिरीचे तेल ओतले, वर कापराच्या दोन वड्या चुरून घातल्या.

आजी पाहत होती. “काय करायलीस?”

“पिसवांचं औषध.”

“नको लावू. म्या तेल चोळलं की ती माझ्या खाटंखाली सुदिक येत न्हाई. तिला सोसंना, म्हणून येत न्हाई.”

“आजी, तुला काय कळतंय त्यातलं? मी वाचलंय.”

हे वाक्य मी जसेच्या तसे येथे लिहून ठेवते आहे. मांजर आडवे गेले म्हणजे चार पावले मागे घेणारी माझी आजी! तिचे मांजराविषयीचे ज्ञान मी त्या चार पावलांवरून मोजले. पिवळीला गुडघ्यांत दाबून धरले आणि मानेपासून शेपटापर्यंत तेल चोळले. ती ओरडली, निसटली आणि पिलांपाशी जाऊन अंग चाटीत बसली. मला वाटले, आता बरे वाटत असेल.

सकाळी तिच्या तोंडातून लाळ गळत होती. उठावयास गेली तर मागचे पाय लटपटत होते; भिंतीला टेकून ती उभी राहिली. मी तिला पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. तेथे म्हशी आणि बैल उभे होते. माझ्या पिशवीतून मांजराचे डोके निघालेले पाहून लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिचे अंग हुंगले आणि एकच विचारले, “काय लावलंय हिला?”

मी सांगितले. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

त्यांनी कोमट पाण्याने व भांड्यांच्या सौम्य साबणाने तिला दोनदा धुवावयास लावले, सलाईन दिले आणि ऊब देऊन ठेवा म्हणून सांगितले. दोन दिवस तिने काही खाल्ले नाही. तिसऱ्या दिवशी बशीतले दूध चाटले. पिवळी वाचली. तिच्या पोटाशी निजणाऱ्या तीन पिलांपैकी एक मात्र दुसऱ्या रात्रीच गेले. ते कशाने गेले, हे डॉक्टरांनाही निश्चित सांगता आले नाही. बाबांनी त्याला परड्यात पुरले. घरात मला कोणी एका शब्दाने बोलले नाही; बोलले असते तर बरे झाले असते.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीपर्यंतचा. तरीही त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचले, आणि या वेळी कोणी, केव्हा व कशावरून सांगितले ते पाहून वाचले. आपल्या यकृतात नकोशा पदार्थाला साखरेसारखा एक अंश जोडून तो पाण्यात विरघळण्याजोगा करण्याची सोय असते. मग तो लघवीवाटे निघून जातो. मांजराकडे ही सोय फार तोकडी आहे. त्या कामाचा एक महत्त्वाचा जनुक मांजरात मोडलेला, निकामी आहे, असे मायकेल कोर्ट आणि डेव्हिड ग्रीनब्लाट या अमेरिकन संशोधकांनी २००० साली दाखवून दिले. पुढे २०११ साली सिद्ध झाले की वाघ-सिंहांची गतही तीच आहे. हे सारे कूळच केवळ मांसावर जगणारे. पाल्यातील विषे पचविण्याची पाळी त्यांच्यावर क्वचितच येई, म्हणून ती सोय मोडली तरी त्यांचे अडले नाही, असे कारण संशोधक देतात. म्हणूनच तापावर आपण सहज घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते.

निलगिरी, पुदिना, लवंग, दालचिनी यांची तेले, लिंबू-संत्र्याच्या सालींचे तेल, कापूर, डांबरगोळ्या आणि फरशी पुसण्याचे फिनेल ही मांजराला बाधणारीच यादी आहे. त्यात मांजर स्वच्छतेचे भोक्ते. अंगाला जे लागेल ते चाटून काढणे हा त्याचा धर्म. आपण त्याच्या कातडीला लावतो, ते त्याच्या पोटात जाते. हल्ली शहरांतील घरांत सुगंधी तेलांची वाफ खोलीभर सोडणारी यंत्रे असतात. तेथील मांजराला तर चुलीमागे जाऊन बसण्याचीही सोय नाही.

मग मांजराला सुगंध आवडतच नाही काय? तसेही नाही. आमच्या उकिरड्याच्या कडेला खोकली नावाचे झुडूप उगवते. त्याचे मूळ उपटले की पिवळी कोठूनही धावत येते, त्यावर गाल घासते, लोळते, आणि वेड लागल्यागत पाय झाडते. आजीला हे लहानपणापासून ठाऊक होते. जपानातील मांजरे ‘मातातबी’ नावाच्या वेलीच्या पानांवर अशीच लोळतात. इवाते विद्यापीठातील मासाओ मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली दाखविले की, पाने घासल्याने मांजराच्या अंगाला जो रस लागतो त्याने डास दूर राहतात. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बसले. किडे पळविण्यासाठी अंगाला काय लावावे, हे मांजराला आपले आपण कळते. निवड करण्याचे नाक त्याला आहे. मी त्या नाकावर माझी बाटली दाबली.

शिक्षणाने मला वाचावयास शिकविले, याबद्दल मी आयुष्यभर ऋणी राहीन. आजीला जे दिसत होते त्याचे कारण मला पुस्तकानेच सांगितले. परंतु आधी पाहिले होते ते तिने. ज्या मांजराला खाटेखालून उठून जाताना आजीने शंभरदा पाहिले, त्याच मांजराला त्याच घरात मीही शंभरदा पाहिले होते. तिने त्यावरून काही ताडले. मी ताडले नाही, कारण ते कोठे छापलेले नव्हते.

एके रात्री आजीला मी यकृताची आणि त्या मोडक्या जनुकाची सगळी हकीकत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली. “आसं हाय व्हय,” एवढेच म्हणाली, आणि थोड्या वेळाने, “मंग आता माझं तेल कुठं ठिवायचं?” आम्ही दोघींनी मिळून ती बाटली झाकण घट्ट लावून फडताळात, वरच्या खणात ठेवली. ती आता तेल चोळते ते ओसरीवर बसून, आणि हात धुऊन मगच आत येते.

अत्तराची कुपी अजून माझ्याजवळ आहे, अर्धी भरलेली. या वर्षीही हळदीचा हंगाम झाला. माझ्या ओढणीला तो वास होता, आणि मी तशीच वर्गात बसत होते. अजून थोडे चोरट्यासारखे वाटते, नाही असे नाही. पण संध्याकाळी घरी येऊन उंबऱ्याशी बसले की पिवळी येते, मनगट हुंगते, गाल घासते आणि मांडीत अंग टाकते. तिची दोन पिले मागोमाग येतात. मी तिसऱ्याची जागा मोजते, आणि पुस्तक उघडते.