लोकांचा आनंद

गारिंचा हे एका चिमुकल्या पक्ष्याचे नाव. ब्राझीलमधल्या पाउ ग्रांदे या गिरणीच्या गावी १९३३ साली जन्मलेल्या मानुएलला ते लहानपणीच चिकटले. त्याचे दोन्ही पाय एकाच बाजूला वाकलेले. हा काय फुटबॉल खेळणार, असे कुणालाही वाटावे! पण १९५३ साली बोताफोगो क्लबात चाचणी द्यायला आलेल्या या पोराने निल्तन सांतोससारख्या नामवंत बचावपटूला चकवले. ‘याला घ्याच,’ असा आग्रह मग निल्तननेच धरला.

पुढे बारा वर्षे हा सात नंबरचा गडी रिओच्या प्रेक्षकांना हसवत राहिला. समोरचा खेळाडू एकदा फसे, पुन्हा फसे, आणि सारे मैदान खदखदे. १९५८ व १९६२ च्या विश्वविजयांत तो होताच. पण चाहते आठवतात ते त्याचे चकवणे.

माझे वडील यंत्रमागावर कामाला आहेत. राबून आलेल्या माणसाला पोटभर हसवणे, हे मला लहान काम वाटत नाही.

१९७३ साली त्याच्या निरोपाच्या सामन्याला माराकाना मैदानावर लाखाच्या वर माणसे लोटली. जानेवारी १९८३ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, दारूने खंगून तो गेला, तेव्हाही लोटली. थडग्यावर त्याला ‘लोकांचा आनंद’ म्हटले आहे.

लोकांचे प्रेम खोटे नव्हते. पण या दोन गर्दींच्या मधल्या नऊ वर्षांत त्याच्या दारावर किती जणांनी थाप मारली असेल? आपल्याला आनंद देणारा माणूस हयात असतानाच त्याची विचारपूस करावी, एवढे तरी आपण शिकावे.